पांढरं दिसलं की वाळू

मत्स्य खात्याने समुद्रात हद्द दाखवायला पिवळे तरंगते बोये टाकले आणि त्यांची राखण करायला मच्छीमारांतलाच एक माणूस नेमला, त्या दिवसापासून त्याचं नाव बोया पडलं. आधी त्याला दुसरं नाव होतं, पण ते आता फक्त ऑफिसच्या हजेरीत उरलं होतं. बंदरावर शेंबडी पोरंसुद्धा "काय बोया, आज तरंगताय की बुडताय?" असं विचारायची आणि तो हसून पुढे जायचा. हसण्यावारी नेलं की अशी नावं आपोआप गळून पडतात, असा त्याचा समज होता. तसं काही होत नाही, हे त्याला उशिरा कळलं.

एकटा मोठा भाऊ त्याला कधी बोया म्हणाला नाही. तो आपला "धाकट्या" म्हणायचा, दोघं अर्ध्या चड्डीत होते तेव्हापासून. धाकट्याच्या लग्नाचं राहूनच गेलं होतं. भावाच्याच घरात वरच्या खोलीत तो राहायचा, वहिनीच्या हातचं जेवायचा, आणि त्या घरात तरी बोया हा शब्द कोणी काढत नसे.

मोठ्या भावालाही नाव पडलेलं होतं, दुर्बीण. ते मात्र मानाचं. त्याच्यासारखं पाणी ओळखणारा त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. बाहेरच्या समुद्रात जायचं तर मधे खडकांची मोठी रांग होती, कुठे गळ्याइतक्या पाण्यात, कुठे गुडघ्याइतक्या, आणि तिच्यातून वाळूची एक वाकडीतिकडी वाट जायची. इतर लोक त्या वाटेने जीव मुठीत धरून जात. दुर्बीण सुकाणू पायाने सांभाळत उभा राहायचा, कपाळावर हाताचा आडोसा धरायचा आणि पाण्याच्या रंगावर होडी अशी काढायचा की जणू घरातल्या घरात स्वयंपाकघरातून ओसरीवर चाललाय. धाकट्याला त्याने शिकवलं ते एवढंच. "काळं दिसलं की खडक, पांढरं दिसलं की वाळू. काळ्याला वळसा घालायचा, पांढऱ्यावरून जायचं. बाकी सगळं बोलायच्या गोष्टी." या दोन ओळींवर दोघांची अर्धी हयात निभावली होती.

खडक म्हणजे मेलेला दगड नव्हे. सरकारी भाषेत ते प्रवाळ. जिवंत असतं, नखाएवढं नखाएवढं वाढतं, त्याच्या कपारींत मासळी अंडी घालते आणि मोठ्या लाटा त्याच्यावर आपटून आधीच थकतात म्हणून किनारा जागेवर राहतो. हे सगळं खात्याच्या मॅडमनी तीन वर्षांपूर्वी माशांच्या लिलावाच्या शेडमध्ये उभं राहून समजावलं होतं. नांगर टाकून टाकून आणि तळाची जाळी ओढून ओढून खडकाचा चुरा होत चाललाय, म्हणून आता काही उपाय करायचे, असं त्या म्हणाल्या. खाडीच्या तोंडाची रेती उपसायची नाही. काठाने खारफुटीची रोपं लावायची. आणि खडकांची सगळी रांग तीन वर्षं बंद. बोयांच्या आत होडी नाही, जाळं नाही, नांगर नाही.

शेडमध्ये अशी काही आरडाओरड झाली की विचारू नका. मॅडम बिचाऱ्या हातात माइक घेऊन नुसत्या उभ्या. बोया त्यांच्या शेजारी नव्या गणवेशात उभा होता आणि त्याला वाटत होतं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात मागच्या रांगेतून मोठा भाऊ उठला. तो उठला म्हणून बाकीचे गप्प झाले. त्याने मॅडमकडे पाहिलंच नाही.

"धाकट्या," तो म्हणाला, "तीन वर्षांनी उघडणार ना?"

"उघडणार, दादा."

"तू सांगतोयस?"

"मी सांगतोय."

दुसऱ्या दिवशी मोठ्या भावाने आपली होडी ओढून काठावर घेतली. सगळ्यांत आधी त्याने घेतली. मग एकेक करत बाकीच्यांनी घेतल्या. खात्याच्या फलकांनी आणि माइकने जे झालं नसतं, ते त्या दोन वाक्यांनी झालं होतं. मॅडमना हे पक्कं ठाऊक होतं, आणि बोयाला तर होतंच.

त्या होडीचं दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. खडकांवरच्या उथळ पाण्यासाठी बांधलेली, बुटकी, सपाट तळाची. खडकांपलीकडे फार दूरच्या समुद्रात तिचा निभाव लागला नसता. नुसती पाण्यात बांधून ठेवावी तर लाकूड पोखरणारा किडा लागतो आणि वर्षात फळ्यांची चाळण होते. काठावर ठेवावी तर ऊन लागतं, फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. म्हणून काठावरच्या होडीला रोज पाणी मारावं लागतं, तेही खारं. गोड्या पाण्याने लाकूड कुजतं. बाकीच्यांनी सहा महिने मारलं, वर्षभर मारलं, मग कंटाळले. कुणाच्या होडीत कोंबड्या राहायला गेल्या, कुणी वरची फळी काढून दुकानापुढे बाक केला. मोठा भाऊ मात्र बर्फाच्या कारखान्यातून संध्याकाळी परत यायचा, गारठून लाल झालेले हात काखेत धरून जरा वेळ बसायचा, आणि मग बादली घेऊन होडीकडे जायचा. आजारी म्हशीला अंघोळ घालावी तसं तो तिला आतून-बाहेरून पाणी घालायचा. बंदरावरचे लोक हसायचे. "दुर्बीण, होडीला पालवी फुटली का रे?" तो म्हणायचा, "फुटेल."

बर्फाच्या कारखान्यात बारा महिने अंधार आणि ओल. पाणी ओळखणाऱ्या माणसाने तिथे लाद्या ढकलत उभं राहायचं, हे वहिनीला बघवत नसे. पण नवऱ्याची कुरकुर नव्हती, म्हणून तिचीही नव्हती. जेवताना तो रोज एकच प्रश्न विचारायचा. "खडक कसाय?"

पहिली दोन वर्षं या प्रश्नाला बोयाकडे भरभरून उत्तर असायचं. बोयांच्या साखळ्यांवरचं शेवाळ खरवडायला तो पाण्यात उतरायचा तेव्हा तळाला काच लावलेला डबा घेऊन खाली बघायचा. तुटलेल्या फांद्यांना नवी टोकं आली होती. जिथे नांगराने खड्डे पाडले होते तिथे निळ्या माशांचे थवे घोटाळू लागले होते. तो हातवारे करून सांगायचा, मोठा भाऊ घास हातात धरून ऐकायचा, आणि वहिनी म्हणायची, "अहो, आधी गिळा तो घास, मासे काही पळून जात नाहीत."

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात पाणी तापलं. नुसतं कोमट नव्हे; बोयाने हात घातला आणि त्याला आंघोळीचं पाणी आठवलं. वारा पडला होता. समुद्र दिवसचे दिवस तेल ओतल्यासारखा निपचित. आणि एका सकाळी, बोयाने काचेचा डबा पाण्यावर ठेवून डोळा लावला, तर खाली सगळं पांढरं होतं. फांद्या, गोटे, थाळ्यांसारखे पसरलेले मोठे खडक, सगळं चुना फासल्यासारखं. दिसायला इतकं देखणं होतं की क्षणभर त्याला बरंच वाटलं. मग त्याने मॅडमना कळवायला बोट काठाकडे वळवली.

मॅडम स्वतः बोटीतून आल्या आणि डब्यातून बघितलं. परत येताना त्यांनी बोयाला समजावून सांगितलं. पाणी फार तापलं की खडक आपल्या अंगातला रंग टाकून देतो, आणि तो रंगच त्याला भरवत असतो. "पांढरा खडक मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेवर निवलं तर सावरेल. नाही निवलं तर जाईल."

"मग आता काय करायचं, मॅडम?"

"काही नाही. तेच तर आहे. बोये टाकता येतात, होड्या थांबवता येतात. ऊन थांबवायला आपल्याकडे माणूस नाही." त्या जरा हसल्या आणि लगेच थांबल्या. "मुदत आता वाढवावी लागेल. वरून आदेश येईपर्यंत कुठे बोलू नका. आत्ता बाहेर कळलं ना, तर सगळे म्हणतील, मेलाच आहे तर राखायचा कशाला? चार दिवसांत जाळी पडतील, नांगर पडतील. उरलासुरला जीवही जाईल."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बोयाला बंदरावरची माणसं माहीत होती. अगदी असंच झालं असतं. म्हणून त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. खडकासाठी धरली, असं तो स्वतःला सांगायचा. पण खरं सांगायचं तर निम्मीच खडकासाठी होती. उरलेली निम्मी "मी सांगतोय" या दोन शब्दांसाठी होती, जे त्याने भरल्या शेडमध्ये मोठ्या भावाला सांगितले होते आणि जे आता त्याला गिळताही येत नव्हते.

"खडक कसाय?" जेवताना प्रश्न आला.

"आहे," बोया म्हणाला.

मोठ्या भावाला तेवढं पुरलं. मुदत संपत आली म्हणून तो इतका खुशीत होता की त्याला दुसरं काही ऐकूच आलं नसतं. त्याने तेलात भिजवलेला कापूस सांध्यांमध्ये ठोकून बसवला. होडीला बाहेरून नवा निळा रंग दिला. आणि पाणी मारायच्या कामावर तो धाकट्यालाही बोलावू लागला, कारण उन्हाळा कडक होता आणि एकट्याच्या बादल्या पुरत नव्हत्या. संध्याकाळी दोघं भाऊ होडीच्या दोन बाजूंना उभे राहायचे.

"त्या खालच्या फळीला जरा जास्त मार, धाकट्या. ती लवकर उघडते."

"मारतो."

"इतकी वर्षं जपली, आता चार दिवसांसाठी दगा नको."

बोया वाकून बादली भरायचा आणि फळीवर ओतायचा. पाणी लाकडात मुरायचं, खाली ठिबकायचं. प्रत्येक बादलीबरोबर सांगावंसं वाटायचं आणि प्रत्येक बादलीबरोबर ते आणखी अवघड व्हायचं. बाईमाणसापुढे रडू आवरावं तसं त्याने ते आवरलं. उद्या सांगू, आदेश येईल तेव्हा आपोआपच कळेल, असं म्हणत महिना गेला.

मुदत संपली त्या दिवशीही आदेश आला नव्हता. मॅडम म्हणाल्या, आठवड्यात येईल. संध्याकाळी बोयाने भावाला सांगितलं, "दादा, चार दिवस थांब. कागद यायचाय."

"कागद येईल तेव्हा येईल. मी कुठे जाळं नेतोय? नुसता वाटेतून बाहेर जाऊन येतो. तीन वर्षं तिला बादलीत समुद्र दाखवतोय, बिचारीला वाटेल समुद्र बादलीएवढाच असतो."

"तरी थांब ना."

मोठ्या भावाने त्याच्याकडे पाहिलं. "बरं, बघू," तो म्हणाला. बोयाने त्याचा अर्थ थांबतो असा घेतला, कारण त्याला तोच हवा होता.

सकाळी तो रांगेच्या पार टोकाच्या बोयाची साखळी खरवडत होता. पाठ वाटेकडे होती. इंजिनाचा टकटक आवाज आला आणि तो न बघताच त्याने ओळखला. तीन वर्षं ऐकला नव्हता तरी ओळखला. वळून बघतो तर निळी होडी वाटेच्या तोंडाशी पोचलेली, आणि भाऊ उभा, कपाळावर हात धरून.

बोयाने खरवडणी टाकली आणि खात्याची बोट सुरू केली. मधे अंतर फार होतं. तो ओरडला, पण दोन इंजिनांच्या आवाजात ओरडणं त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. तो हात हलवू लागला. मोठ्या भावाने त्याला पाहिलं आणि उलट हात हलवला. मजेत हलवला, मुद्दाम उंच करून, लहानपणी पहिल्यांदा सुकाणू हातात आलं तेव्हा हलवला असेल तसा.

मग भावाने वाटेचं पहिलं वळण घेतलंच नाही, होडी सरळ पुढे काढली, जिथे पाणी सगळ्यांत फिकट, सगळ्यांत पांढरं होतं तिकडे. त्या जागी खडक सगळ्यांत उंच होता. बोयाला ते बघताना जे कळलं ते त्याला जन्मात विसरता येणार नव्हतं. दादा चुकत नव्हता. दादाला समोर रुंद, स्वच्छ वाळू दिसत होती. त्याला वाटलं असणार, तीन वर्षांत वाट मोठी झाली. त्याने धाकट्याला शिकवलं होतं अगदी तसंच तो करत होता.

आवाज फार मोठा झाला नाही. दारावर खांदा मारावा तेवढाच. होडीचं पुढचं टोक वर आलं, भाऊ पुढे फेकला गेला आणि होडीच्या काठावर कपाळ आपटून पाण्यात पडला. बोया पोचला तेव्हा पाणी ढवळून दुधासारखं झालं होतं. कपाळावरचं रक्त भावाच्या डोळ्यांत ओघळत होतं आणि तो होडीची कड धरून चाचपडत होता. त्याला बोटीत ओढून घेताना बोयाला त्याचं वजन फार कमी वाटलं.

"वाळू होती रे," मोठा भाऊ म्हणाला. "मी बघितलं ना. वाळू होती."

"बोलू नकोस, दादा."

"धाकट्या, वाळू होती."

दवाखान्यात कपाळाला टाके पडले. होडी ओढून आणून पुन्हा तिच्या जागी ठेवली. तळाच्या दोन फळ्या फुटल्या होत्या, एका माणसाला आत शिरता येईल एवढं भोक. खात्याने कारवाई केली नाही. जाळं नव्हतं, आणि मॅडमनी वर शब्द टाकला. पुढच्या आठवड्यात आदेश आला. शेडमध्ये वाचून दाखवला: खडक अजून पुरेसा सावरलेला नाही, सबब मुदत आणखी वाढवण्यात येत आहे. पांढरा हा शब्द त्यात कुठेही नव्हता. या वेळी कोणी ओरडलं नाही. ज्याच्या उठण्याने शेड गप्प व्हायची तो घरी पट्टी बांधून भिंतीकडे तोंड करून पडला होता.

टाके निघाले, जखम भरली, पण मोठा भाऊ काही उठेना. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे, वाचायला हवा तर चष्मा घ्या. भावाने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. "भिंतीवरची अक्षरं मोठी असतात," तो म्हणाला. "तिथे सगळ्यांनाच दिसतं." त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं की आपले डोळे गेले. मग तो तसा वागूही लागला. जिना उतरताना भिंत धरायचा. पेल्याकडे हात नेताना चाचपायचा. कारखान्यात जायचं सोडलं. संध्याकाळ झाली की बादलीकडे बघायचा आणि तोंड फिरवायचा. दुर्बीण कोणी म्हटलं तर वळून बघत नसे. मग लोकांनी म्हणायचंच सोडलं.

एक दिवस वहिनीने बोयाला जिन्यात गाठलं.

"भावोजी, तुम्ही तरी काही सांगा यांना. परवा सुईत दोरा ओवायला मागितला तर पहिल्या झटक्यात ओवला. आणि आज म्हणतात, मला दार दिसत नाही. डोळे धडधाकट आहेत हो यांचे. दुसरंच काहीतरी गेलंय."

"सांगतो, वहिनी."

"तुमचंच ऐकतात ते. पहिल्यापासून तुमचंच ऐकतात."

वहिनीला काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे ते जास्त लागलं. बोया वरच्या खोलीत जाऊन बसला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे त्याला स्पष्ट होतं. तुझे डोळे गेले नाहीत, खडकाचा रंग गेला. एवढं एकच वाक्य. पण त्या वाक्याला शेपूट होतं. तुला कधीपासून माहीत होतं, हे भाऊ विचारल्याशिवाय राहणार नव्हता.

मग त्याला एक पळवाट सुचली. दादाला खात्याच्या बोटीतून खडकावर न्यायचं. पांढरा खडक त्याला त्याच्याच डोळ्यांनी बघू द्यायचा. दुर्बीणच ती, समोर बघितलं की त्याला सगळं कळेल, आणि आपण आपलं मागे इंजिनापाशी बसून राहू. मधले काही आठवडे वारा सुटल्यामुळे बोट बांधून ठेवलेली होती आणि बोयाने खडक पाहिला नव्हता. वाऱ्याने पाणी निवलं होतं. कदाचित वेळेवर निवलं असेल, अशीही एक आशा त्याच्या मनात होती.

भावाला तयार करायला वहिनीला बरंच बोलावं लागलं. शेवटी तो आला. बोटीत चढताना त्याने धाकट्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. समुद्र शांत होता, ऊन स्वच्छ होतं. वाटेच्या तोंडाशी बोयाने इंजिन बंद केलं.

"बघ, दादा."

मोठा भाऊ पुढे गेला. पाय फाकवून उभा राहिला. हात आपसूक कपाळावर गेला, टाक्यांच्या खुणेवर. बोयाने खाली मान घातली होती. त्याला बघायचं नव्हतं. पण भाऊ काहीच बोलेना, तेव्हा त्याने बाजूने पाण्यात पाहिलं.

खाली सगळं काळं होतं.

त्याने घाईघाईने काचेचा डबा पाण्यावर टेकवला. फांद्यांवर, गोट्यांवर, थाळ्यांवर तपकिरी-हिरव्या शेवाळाची लव उगवली होती. ते शेवाळ त्याच्या रोजच्या ओळखीचं होतं. बोयांच्या साखळ्यांवरून तो तेच खरवडायचा. जिवंत खडकावर ते कधी उगवत नाही. लोखंडावर उगवतं, दोरखंडावर उगवतं, मेलेल्यावर उगवतं. एकही निळा मासा नव्हता. खडक उपाशी राहून राहून गेला होता, आणि जाताना वरून बघणाऱ्याला अगदी पहिल्यासारखा दिसेल असा होऊन गेला होता.

"काळाच आहे," मोठा भाऊ म्हणाला.

"दादा..."

"वाट जिथल्या तिथे आहे. खडक जिथल्या तिथे आहे. ही बघ, ती वाळू, हा खडक. आंधळ्यालासुद्धा कळेल." तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. "आणि मला तो पांढरा दिसला होता, धाकट्या. लख्ख पांढरा. म्हणजे संपलंच. बरं झालं आणलंस. मनात थोडं राहिलं होतं, तेही गेलं. चल."

परत येताना तो बोटीच्या मधोमध बसला, मान खाली, एखाद्या उतारूसारखा. काठाला लागल्यावर बोयाने त्याला उतरवून घेतलं. घराच्या वाटेवर होडी होती. भाऊ तिच्याकडे न बघता पुढे चालला होता, तेव्हा बोयाने त्याचं मनगट पकडलं.

"दादा, तुझे डोळे ठीक आहेत."

"डॉक्टरचं नको सांगूस मला."

"डॉक्टरचं नाही. त्या दिवशी खडक पांढराच होता. पाणी तापलं होतं ना, त्याने सगळा पांढरा पडला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुला बरोबर दिसलं. कोणालाही वाळूच वाटली असती. आता मेलाय, म्हणून त्याच्यावर शेवाळ धरलंय. आज दिसला तो काळा रंग शेवाळाचा होता."

मोठा भाऊ थांबला. बोयाच्या हातातलं मनगट एकदम जड झालं. तो समुद्राकडे बघत राहिला, मग मान वळवून त्याने बंदरावरच्या होड्यांकडे पाहिलं, मग लांब दीपस्तंभाच्या टोकाकडे, जणू एकेक वस्तू परत घेत होता. त्याचा चेहरा सैल पडला. डोळे भरून आले.

"म्हणजे पांढराच होता," तो म्हणाला.

"पांढराच होता."

"मला वाटलं, मी गेलो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "सगळा मेलाय?"

"आज पाहिला तेवढा सगळा."

भाऊ होडीच्या काठाला टेकला. बोयाला वाटलं, झालं, एवढ्यावर भागलं. आपण उगाच भीत होतो.

"तुला कधी कळलं?" मोठ्या भावाने विचारलं. आवाज साधा होता, रोज जेवताना खडक कसाय विचारायचा तसा.

"महिनाभर आधी."

"मी निघायच्या महिनाभर आधी."

"मॅडम म्हणाल्या होत्या, बाहेर बोलू नका. लोकांना कळलं असतं तर..."

"मी लोक?"

भावाचा हात होडीच्या फळीवर होता आणि तो बोटाने सांधा चाचपत होता. कापूस सुकून बाहेर आला होता.

"महिनाभर," तो म्हणाला. "म्हणजे तू इथे माझ्यासमोर उभा राहून हिला पाणी मारत होतास, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो, दादा."

"खालच्या फळीला जास्त मार म्हटलं, तर जास्त मारत होतास."

"हो."

मोठ्या भावाने मान हलवली. रागाने नव्हे, हिशेब जुळला की माणूस हलवतो तशी. त्याने मनगट सोडवून घेतलं, हळूच, दुखू नये अशा बेताने. मग तो सरळ उभा राहिला आणि भिंतीला, कुंपणाला, कशालाही हात न लावता घराकडे चालू लागला. चार पावलं गेल्यावर थांबला.

"तुझ्या वहिनीला जेवणाचं मी सांगेन," तो मागे न बघता म्हणाला. "तुझं ताट वर पाठवायला सांगेन. तू आता जा, बोया."

बोया तिथेच उभा राहिला. नाव घ्यायला बंदरावर दुसरं कोणी नव्हतं, तरी त्याने एकदा आजूबाजूला पाहिलं. मग जरा वेळाने सवयीने तो होडीशेजारच्या बादलीकडे वाकला. बादली रिकामी होती, आत कोळ्याने जाळं विणलं होतं. होडीच्या फळ्या वाळून एकमेकींपासून सुटल्या होत्या आणि त्यांच्या फटींतून पलीकडचं पाणी दिसत होतं.